गोल नळी, सरळ भोक

सपाट पट्टीला भोक पाडायचं तर खूण करायची, पंच मारायचा, ड्रिल लावायचं, की काम झालं. तेच भोक गोल नळीला आरपार पाडायला घेतलं की वरचं भोक खुणेवर दिसतं आणि खालचं भलतीकडेच निघतं. बोल्ट एका बाजूने आत शिरतो आणि समोरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला अडतो. मग कानस घेऊन भोक लांबट केलं जातं. बोल्ट जातो खरा, पण तो सांधा पुढे कायम खुळखुळत राहतो. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची काठी, घडीची खुर्ची, तंबूचा खांब, दांड्यातून आडवी जाणारी पिन, या सगळ्यांचं काम समोरासमोरच्या दोन भोकांवर चालतं. ८ मिलिमीटरची पिन ८.२ मिलिमीटरच्या भोकात बसवायची असेल, तर चुकायला जागा जवळजवळ नसतेच.

याचा दोष बहुतेक वेळा हाताला दिला जातो. हात थरथरला, मशीन हललं, बिट वाकडं होतं. माझ्या मते खरं कारण नळीच्या गोलाईत आणि बिटच्या टोकाच्या घडणीत आहे, आणि ते एकदा नीट कळलं की उपायही तिथेच सापडतात.

आज आपण वापरतो त्या पिळाच्या बिटचं पेटंट स्टीफन मोर्स यांनी १८६३ साली घेतलं. त्याचं टोक लांबून अणकुचीदार दिसतं, पण भिंगाखाली धरा. दोन कापणाऱ्या धारा मध्यभागी एका बिंदूत मिळत नाहीत. त्यांच्यामध्ये बिटच्या गाभ्याच्या जाडीएवढी एक आखूड, आडवी कड असते. ही कड धातू कापत नाही, नुसता दाबून बाजूला रेटते. भोक पाडताना खाली जो जोर लावावा लागतो, त्यातला निम्म्याच्या आसपास या एवढ्याशा कडेवरच खर्च होतो. बाजूच्या धारा धातूत रुतेपर्यंत सगळं बिट या बोथट कडेवर उभं असतं आणि त्याला बाजूला जाण्यापासून अडवणारं काहीही नसतं.

सपाट पृष्ठभागावर हे चालून जातं. नळीवर मात्र अगदी वरची रेघ, म्हणजे माथा, सोडला तर सगळीकडे उतार आहे. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीवर टोक माथ्यापासून १ मिलिमीटर बाजूला टेकलं, तर तिथला उतार साडेचार अंशांहून जास्त असतो. उतारामुळे बिट आणखी बाजूला घसरतं, आणि जितकं घसरतं तितका पुढचा उतार वाढत जातो. पालथ्या वाटीच्या माथ्यावर गोटी ठेवावी तशी ही अवस्था आहे. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीपाशी चित्र नेमकं उलटं होतं. तिथे बिटला नळीची आतली, खोलगट बाजू भेटते, म्हणजे वाटी आता उताणी असते आणि टोक आपोआप मधल्या रेघेकडे ढकललं जातं.

ऐकायला हे सोयीचं वाटतं, पण अडचण इथेच सुरू होते. वरचं भोक मध्यावर असेल तर खालची भिंत बिटला काही करत नाही. वरचं भोक १ मिलिमीटर बाजूला गेलेलं असेल, तर बिटचं अंग वरच्या भोकात अडकलेलं आणि टोक मध्याकडे ढकललं जात असलेलं, अशा ओढाताणीत बिट वाकतं. बारीक बिट तर फारच. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे ३ मिलिमीटरचं बिट ६ मिलिमीटरच्या बिटपेक्षा साधारण सोळा पट लवचीक असतं. बाहेर आलेली लांबी दुप्पट केली की वाकणं आठ पट होतं. म्हणून लांब, बारीक बिटने एका दमात दोन्ही भिंती भेदायची सवय मला चुकीची वाटते. आधी सेंटर ड्रिल लावावं. ते आखूड, जाड आणि ताठ असतं, त्यामुळे माथ्यावरून सहज हलत नाही. त्याने जागा पक्की झाली की वरच्याच भिंतीला बारीक भोक पाडून ते हव्या मापाचं करावं आणि मग त्याच जाड बिटने खाली जावं. वरची भिंत आता बिटची वाटाडी होते. पहिलं भोक चुकलं तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून सगळी काळजी तिथे ओतायची.

हे झालं घसरण्याबद्दल. तिरकेपणा ही वेगळी चूक आहे. हातातलं ड्रिल २ अंशांनी कललं तर डोळ्याला कळतही नाही, पण २५ मिलिमीटर खाली जाईपर्यंत बिट जवळजवळ ०.९ मिलिमीटर सरकलेलं असतं. स्टँडवरचं ड्रिल मशीन असेल तर ही चूक मोठ्या प्रमाणात टळते. नसेल, तर आरपार जाण्याचा हट्ट सोडून दोन्ही बाजूंना स्वतंत्र खुणा कराव्यात, दोन्हीकडून अर्धवट मापाची भोकं पाडावीत आणि शेवटी पूर्ण मापाचं बिट दोन्हींतून एकदम न्यावं.

त्या खुणांसाठी कागदाची पट्टी पुरते. ती नळीभोवती घट्ट गुंडाळा, जिथे टोक भेटतं तिथे कापा, बरोबर दुमडून मध्य काढा आणि पुन्हा गुंडाळा. टोक आणि घडी एकमेकांच्या बरोबर समोर येतात. परीघ मोजायचाही प्रश्न नाही, आणि कागदाच्या जाडीने येणारा फरक दोन्ही अर्ध्यांत सारखा वाटला जातो. लांबीच्या दिशेने रेघ ओढायची असेल तर लोखंडी अँगल नळीवर पालथा ठेवा. त्याच्या दोन्ही आतल्या बाजू नळीला टेकल्या की त्याची कड नळीच्या अक्षाला समांतर असते.

स्टँडच्या मशीनवर नळी धरायला व्ही-ब्लॉक, म्हणजे वरून इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा, घ्यावा. नळी जाड असो वा बारीक, ती खाचेत वर-खाली बसेल, पण तिचा अक्ष खाचेच्या मध्यावरच राहील. आता तो मध्य बिटच्या बरोबर खाली आणायचा. इथे जी युक्ती वापरतात ती मला फार आवडते. मशीन बंद ठेवून चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्यात, टोकदार सेंटर ड्रिल बसवा. नळीच्या माथ्यावर, नळीला आडवी, १५० मिलिमीटरची स्टीलची पातळ पट्टी ठेवा आणि टोक हलकेच खाली आणून पट्टी नळीवर दाबून धरा. टोक माथ्यावर असेल तर पट्टी सपाट राहते. ते उजवीकडे असेल तर पट्टी उतारावर बसते आणि तिचं उजवं टोक खाली झुकतं. ज्या बाजूला पट्टी झुकली, त्या बाजूला नळी ब्लॉकसकट थोडी सरकवायची आणि पुन्हा बघायचं.

किती बारीक चूक पकडता येते? २५ मिलिमीटरच्या नळीवर टोक पाव मिलिमीटर बाजूला असेल तर पट्टीच्या दोन टोकांच्या उंचीत ३ मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्याला न दिसणारी चूक बारा पट मोठी होऊन समोर येते. आणि ती दाखवतो तोच उतार, जो बिटला घसरवत होता. पट्टी सपाट झाल्याचं पाहून ब्लॉक टेबलाला क्लॅम्प केला की पुढे कितीही नळ्या, अगदी वेगवेगळ्या व्यासाच्याही, त्याच ब्लॉकमध्ये ठेवून भोकं पाडता येतात.

एकाच नळीवर ओळीने बरीच भोकं हवी असतील तर नळी मध्येच किंचित फिरते आणि ओळ पिळवटते. १ अंश फिरली तर पृष्ठभागावर फक्त ०.२२ मिलिमीटर फरक पडतो, तो दिसणार नाही. म्हणून पहिल्या भोकातून एक लांब, सरळ गज घालायचा आणि पुढच्या प्रत्येक भोकाआधी तो गुण्याने उभा तपासायचा. अक्षापासून १०० मिलिमीटरवर तोच १ अंश पावणेदोन मिलिमीटर होतो.

पातळ नळीचा त्रास निराळा. नेहमीच्या ११८ अंशी टोकाची उंची व्यासाच्या सुमारे ०.३ पट असते, म्हणजे १० मिलिमीटरच्या बिटला ३ मिलिमीटर. नळीची भिंत दीड मिलिमीटरची असेल तर बिटचा पूर्ण घेर धातूला लागायच्या आधीच टोक पलीकडे गेलेलं असतं. त्याला सावरायला काही उरत नाही, ते डगमगतं आणि भोक गोल न होता तिकोनी होतं. गोलाईमुळे यात आणखी १ मिलिमीटरची भर पडते. नळीत घट्ट बसणारा लाकडी दांडा ठोकून मग भोक पाडलं तर टोकाला लाकडाचा आधार मिळतो. पंच मारतानाही तोच दांडा नळीला चेपू देत नाही. मोठ्या भोकांसाठी पायऱ्यांचं शंकूच्या आकाराचं बिट उत्तम, कारण त्याची प्रत्येक पायरी आधीच्या भोकात टेकून चालते.

भोक कुठे पाडायचं हाही विचार हवा. भोकाच्या कडेला ताण एकवटतो. रुंद पत्र्यातल्या छोट्या गोल भोकाच्या कडेला तो तिप्पट होतो, हे जर्मन अभियंते किर्श यांनी १८९८ साली गणिताने दाखवलं. आडव्या नळीवर वरून भार येणार असेल तर वाकण्याचा ताण तिच्या माथ्यावर आणि तळाला सर्वांत जास्त असतो, बाजूंच्या मध्यावर जवळजवळ शून्य. तेव्हा निवड असेल तर भोकं बाजूला घ्यावीत.

सगळं झाल्यावर तपासणी. दोन्ही भोकांतून बिनफटीचा सरळ गज घाला, नळी व्ही-ब्लॉकमध्ये ठेवा, गज दोन्ही टोकांना टेबलापासून सारख्या उंचीवर येईल अशी फिरवा आणि ती उंची मोजा. मग नळी अर्धा फेरा फिरवून, गज पुन्हा आडवा करून मोजा. दोन्ही मापं सारखी आली तर भोकं अक्षातून गेली आहेत. फरक आला तर त्याच्या निम्मं म्हणजे तुमची चूक, आणि पुढच्या नळीच्या वेळी ब्लॉक तेवढाच सरकवायचा.