पास झेलणारे पाच असतील तर

५ सप्टेंबर २०१३ रोजी एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, नवा हंगाम डेन्व्हरमध्ये सुरू झाला. डेन्व्हर ब्रॉन्कोजचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, पेटन मॅनिंग याने त्या पहिल्याच सामन्यात बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध टचडाऊनचे, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू पोहोचवून गुण मिळवून देणारे, सात पास दिले. डेमारियस थॉमसने दोन झेलले, ज्युलियस थॉमसने दोन (दोघांचं नातं काही नाही, आडनाव तेवढं एक), वेस वेल्करने दोन आणि आंद्रे कॅल्डवेलने एक. हंगाम संपेपर्यंत मॅनिंगच्या नावावर ५५ टचडाऊन पास आणि ५,४७७ यार्ड जमा झाले, संघाचे गुण झाले ६०६. हे तिन्ही त्या वेळचे लीगचे विक्रम होते.

मॅनिंग थोर खेळाडू, यात वाद नाही. पण त्या वर्षीची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी नोंद दुसरीच आहे. एकाच संघातल्या चार जणांनी पास झेलून प्रत्येकी दहा किंवा अधिक टचडाऊन केले. लीगच्या इतिहासात असं तोवर कधीच घडलं नव्हतं. डेमारियस १४, ज्युलियस १२, एरिक डेकर ११, वेल्कर १०. शिवाय नोशॉन मोरेनो हा मुळात चेंडू घेऊन धावणारा गडी, त्यानेही ६० पास झेलले.

एवढे झेलणारे एकत्र आले की नेमकं काय बदलतं? आधी साधी वजाबाकी करू. मैदानात दोन्हीकडचे अकरा-अकरा. आक्रमण करणाऱ्या संघातले पाच जण क्वार्टरबॅकसमोर भिंत करून उभे राहतात, त्यांना नेहमीच्या डावात पुढे फेकलेला पास झेलता येत नाही. क्वार्टरबॅक धरून सहा गेले, उरले पाच. बचाव करणारा संघ साधारण चार जणांना थेट क्वार्टरबॅकवर सोडतो. म्हणजे पाच झेलणाऱ्यांसाठी त्याच्याकडे सात माणसं राहतात. पाचांवर पाच लावले की शिल्लक दोन. बचावाच्या प्रशिक्षकाची सगळी अक्कल या दोघांना कुठे ठेवायचं यात पणाला लागते. समोर एकच हुकमी झेलणारा असेल तर दोघेही त्याच्या बाजूला झुकवता येतात. दोन असतील तर एकेक वाटून देता येतो. चौघे तोडीस तोड असले की त्यांतल्या दोघांवर प्रत्येकी एकच पहारेकरी उरतो, आणि ते दोघे कोण हे मॅनिंगसारखा माणूस डाव सुरू होण्याआधीच ओळखतो.

एका पहारेकऱ्याचं काम किती अवघड असतं ते पाहा. डोळ्यांनी हालचाल टिपून शरीराने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. झेलणारा सेकंदाला नऊ मीटर वेगाने पळताना अचानक वळला, तर तेवढ्यात तो जवळजवळ दोन मीटर दूर गेलेला असतो. पूर्ण हात लांबवूनही हे अंतर भरून निघत नाही. म्हणून तर मागे एक जादा माणूस हवा असतो.

इथे खेळ-सिद्धांत, म्हणजे समोरच्याची चाल लक्षात घेऊन आपली चाल ठरवण्याचं गणित, कामाला येतो. भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन स्किनर यांनी २०१० मध्ये बास्केटबॉलवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी संघाच्या आक्रमणाकडे रस्त्यांचं जाळं म्हणून पाहिलं. सगळ्या गाड्या जवळच्या रस्त्याने निघाल्या की तोच रस्ता तुंबतो, तसंच प्रत्येक चेंडू सर्वोत्तम खेळाडूकडे गेला की बचाव त्याच्याभोवती गोळा होतो आणि त्याची परिणामकारकता घसरते. चेंडू वाटावा लागतो, आणि अशा प्रमाणात की वाटणी आणखी बदलून काही फायदा उरू नये. हा विचार फुटबॉललाही लागू पडतो. त्यामुळे चौथ्या झेलणाऱ्याची खरी कमाई त्याच्या आकड्यांत अर्धीच दिसते. उरलेली अर्धी पहिल्याच्या खात्यावर लिहिली जाते, कारण चौथ्याच्या भीतीने एक पहारेकरी तिकडे अडकलेला असतो. उलट, पहिल्यामुळे मोकळ्या राहिलेल्या जागेत चौथ्याचे आकडे फुगतात. एकेकाचे आकडे सुटे काढून संघाची खोली, म्हणजे त्याच्याकडे किती चांगले गडी आहेत ते, मोजू गेलं की फसगत होते ती इथे.

खोली म्हणजे एकाच साच्याचे चार गडी नव्हेत. डेमारियस सहा फूट तीन इंच, धिप्पाड आणि वेगवान. वेल्कर जेमतेम पावणेसहा फूट, पण मधल्या गर्दीत दोन पावलांत दिशा बदलणारा. ज्युलियस सहा फूट पाच इंच, कॉलेजात चार वर्षं बास्केटबॉल खेळलेला. उंच उडून चेंडू काढून घेण्याची सवय त्याला तिथलीच. वेल्करच्या मागे धावू शकेल असा चपळ पहारेकरी ज्युलियससमोर तोकडा पडतो आणि ज्युलियसला अडवणारा दांडगा वेल्करला गाठू शकत नाही.

खोलीची दुसरी गरज क्रूर आहे. माणसं जायबंदी होतात. डोक्याला बसलेल्या मारामुळे वेल्कर साखळीतले शेवटचे तीन सामने खेळला नाही. त्यांतल्या पहिल्या सामन्यात, सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध, कॅल्डवेलने दोन टचडाऊन केले. तरी डेन्व्हर २०-२७ असं हरलं. डेमारियस २०२१ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेला. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई हा विकार आढळला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडला जाणारा हा विकार आहे. झेलांची मोजदाद करताना ही गोष्ट बाजूला ठेवणं मला जमत नाही.

२ फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बाउलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, ब्रॉन्कोजसमोर होता सिअ‍ॅटल सीहॉक्स, त्या हंगामात सर्वांत कमी गुण देणारा संघ. सिअ‍ॅटलने वर सांगितलेली वजाबाकीच जपली. बहुतेक वेळा चौघांनाच मॅनिंगवर सोडलं आणि सात जण मागे राखले. फरक इतकाच की त्या चौघांनी मॅनिंगला निवांत उभं राहू दिलं नाही. झेलणारे पाच असोत की पंधरा, लांब धावून मोकळं व्हायला त्यांना दोन-तीन सेकंद तरी हवेतच. क्लिफ एव्हरिलचा धक्का मॅनिंगच्या हाताला लागला, चेंडू भरकटला आणि माल्कम स्मिथने तो मधल्यामध्ये पकडून ६९ यार्ड पळत थेट टचडाऊन केला. मग मॅनिंगकडे उरले जवळचे, घाईतले पास. ते झेलले जात होते, पण झेलणाऱ्यावर सिअ‍ॅटलचा कोणीतरी लगेच तुटून पडत होता.

डेमारियसने त्या दिवशी १३ झेल घेतले. सुपर बाउलमधला तो तेव्हाचा विक्रम. हंगामभर त्याच्या एका झेलामागे सरासरी साडेपंधरा यार्ड मिळत, त्या रात्री मिळाले जेमतेम नऊ. सामना सिअ‍ॅटलने ४३-८ असा जिंकला.