जाड कादंबरीचे भाग करून घेण्याआधी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पुस्तक कुठवर वाचून झालंय हे बाइंडरला विचारावं लागत नाही. मिटलेलं पुस्तक आडवं धरून पानांची बाहेरची कड पाहिली की कळतं. बोटं लागून कड जिथवर मळलेली, तिथवर वाचन झालेलं. तिथून पुढे ती छापखान्यातून आली तशी पांढरी. हजार पानांच्या कादंबरीत ही मळकी पट्टी बरेचदा शंभर-सव्वाशे पानांपाशीच थांबलेली दिसते. कण्यावरची भेगही तिथेच असते, कारण पुस्तक तिथे पालथं घालून ठेवलेलं असतं.

अशी पुस्तकं दुरुस्तीला येतात तेव्हा आणणारा माणूस जरा ओशाळून म्हणतो, "वाचायचंय अजून." ओशाळण्यासारखं त्यात काही नाही. मोठी, अवघड कादंबरी अर्धवट राहते त्यात वाचकाच्या कुवतीपेक्षा ती कुठल्या रूपात हातात पडली याचा वाटा मोठा असतो, असं पुस्तकं उसवता-शिवता आमचं मत झालंय. म्हणून अशा कादंबऱ्या आम्ही दोन, तीन किंवा चार भागांत वेगवेगळ्या बांधून देतो. त्याने काय साधतं आणि काय साधत नाही, ते इथे सांगतो.

मुळात ती वीट नव्हतीच

टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' १८६५ पासून आधी मासिकात येऊ लागली आणि पुस्तक झाली ती १८६८-६९ मध्ये, सहा खंडांत. जॉर्ज इलियटची 'मिडलमार्च' १८७१-७२ मध्ये आठ भागांत निघाली. सुरुवातीचे भाग दोन-दोन महिन्यांच्या अंतराने. प्रूस्तच्या सात भागांच्या कादंबरीचा पहिला भाग १९१३ चा, शेवटचा १९२७ चा. मधल्या काळात एक महायुद्ध होऊन गेलं, १९२२ मध्ये लेखकही गेला आणि शेवटचे तीन भाग त्याच्यामागे निघाले. पहिल्या वाचकांना दोन भागांमध्ये श्वास घ्यायला जागा होती, आणि ती प्रकाशकानेच दिली होती. आज तोच मजकूर बारीक टाइपात, पातळ कागदावर, एका पुठ्ठ्यात कोंबलेला मिळतो. त्यात छपाईचा खर्च वाचतो, कपाटातली जागा वाचते. वाचणाऱ्याचं मनगट मात्र कुणी विचारात घेतलेलं नसतं.

मनगटाचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. किलोभर वजनाचं पुस्तक पाठीवर पडून वाचता येत नाही, पिशवीत टाकून नेता येत नाही. म्हणजे वाचायची जागा एकच उरली, टेबल. तिथे बसायला जमलं नाही की एक दिवस चुकतो, मग चार. पाचव्या दिवशी उघडावं तर हा इवान कोण आणि ती बाई कुणाची मेहुणी, काही आठवत नाही. दहा पानं मागे जावं लागतं. ती आधी वाचलेलीच असल्यामुळे कंटाळा येतो. 'सोडून दिलं' असं कुणी ठरवत नाही. पुस्तक उशाशी राहतं, त्यावर चष्मा ठेवला जातो, मग दुसरं पुस्तक.

शिवाय उजव्या हातातला तो गठ्ठा सतत दिसत असतो. ऐंशी पानं वाचली तरी तो हलल्यासारखा वाटत नाही. तीच कादंबरी अडीचशे पानांच्या भागात हातात असली तर ऐंशी पानांत जवळजवळ तिसरा हिस्सा पार होतो. मजकूर तोच, पण डोळ्यांना पलीकडचा काठ दिसतो. दिवसाला वीस पानं धरली तर हजार पानांना पन्नास दिवस लागतात. पन्नास हा आकडा ऐकून माणूस दचकतो. तेरा दिवसांचा एक भाग, असं म्हटलं की दचकत नाही.

कुठे कापायचं

ग्राहक सहसा सांगतात, "समान तीन भाग करा." तसं आम्ही शक्यतो करत नाही. कादंबरीला तिचे स्वतःचे सांधे असतात आणि सुरी तिथेच चालवावी. दोस्तोयेव्हस्कीच्या 'ब्रदर्स करामाझोव्ह'ला चार भाग आणि शेवटी उपसंहार आहे. उपसंहार चौथ्यात घातला की चार छान पुस्तकं होतात. जॉइसची 'युलिसिस' मात्र चमत्कारिक आहे: अठरा प्रकरणं, तीन भागांत तीन, बारा आणि तीन अशी वाटलेली. मधला भाग आणखी फोडावाच लागतो.

'युलिसिस'च्या बाबतीत आम्ही आणखी एक आगाऊपणा करतो. मळकी पट्टी बहुधा तिसऱ्या प्रकरणातच संपते. तिथे एक तरुण समुद्रकाठाने चालत असतो आणि आपण पूर्णवेळ त्याच्या डोक्यात असतो, हाताशी धरायला काही नाही. पण चौथ्या प्रकरणात घड्याळ पुन्हा सकाळच्या आठवर येतं आणि ब्लूम नावाचा दुसरा, बराच ओळखीचा वाटेल असा माणूस न्याहारीची तयारी करताना भेटतो. म्हणून पहिली तीन प्रकरणं आम्ही पातळ, सुटी बांधतो. तिथे गाडी अडली तर ती बाजूला ठेवा आणि चौथ्यापासून निघा, नंतर परत या. साहित्याच्या प्राध्यापकांना हे पटेलच असं नाही. अर्धवट पुस्तकापेक्षा उलटसुलट वाचलेलं बरं, एवढंच आमचं म्हणणं.

पुढे जोडलेली कोरी पानं

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आम्ही आठ कोरी पानं शिवतो. ती नावांसाठी. रशियन कादंबरीत एका माणसाची तीन-चार नावं फिरत असतात. स्वतःचं नाव, त्याला जोडून वडिलांच्या नावावरून आलेलं नाव, आडनाव आणि घरातली लाडाची नावं. 'करामाझोव्ह'मधला दिमित्री फ्योदरोविच म्हणजेच मित्या. अलेक्सेई म्हणजे अल्योशा. हे ठाऊक नसलं की तिघा भावांची सहा माणसं होतात आणि गोंधळ आपलाच वाटतो. भेटेल तसं नाव लिहा, समोर कोण कुणाचं ते लिहा. पेन्सिलीनेच लिहा, कारण नाती पुढे बदलतात. मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये तर तीच नावं पिढ्यानपिढ्या ठेवलेली आहेत, त्यातल्या एकट्या एका कर्नलच्या सतरा मुलांचं नाव ऑरेलियानो. तिथे वंशवृक्षाच्या पानाची प्रत काढून आम्ही प्रत्येक भागात लावतो, म्हणजे मागेपुढे धावावं लागत नाही.

जे आम्हाला जमत नाही

भाग केल्याने वजन कमी होतं, अवघडपणा नाही. 'युलिसिस'चं शेवटचं प्रकरण मोजक्या आठ लांबलचक वाक्यांत आणि जवळजवळ विरामचिन्हांशिवाय आहे. त्यावर बांधणीत उपाय नाही. मोठ्याने वाचून पाहा. कुठे थांबायचं ते आवाजाला कळतं. लेखिका व्हर्जिनिया वुल्फने ऑगस्ट १९२२ मध्ये डायरीत लिहिलं होतं की 'युलिसिस'ची दोनशे पानं झाली, अजून एकतृतीयांशही नाही, आणि त्यात कंटाळा आल्याचीही तिने नोंद केली. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिने ती पूर्ण केली आणि तरीही ती तिला आवडली नाही. हाही एक शेवट आहे.

मेलव्हिलच्या 'मोबी डिक'मध्ये १३५ प्रकरणं आहेत आणि तो पांढरा देवमासा प्रत्यक्ष दिसतो तो शेवटच्या तीनमध्ये. कथेची वाट पाहत बसणारा वाचक बत्तिसाव्या प्रकरणात गारद होतो, कारण तिथे कथा थांबवून देवमाशांची वर्गवारी सुरू होते. खुशाल गाळा. आम्हाला मात्र ते सगळ्यांत लाडकं आहे. लेखकाने देवमाशांची प्रतवारी पुस्तकांच्या आकारांवरून केली आहे: फोलिओ, ऑक्टाव्हो, ड्युओडेसिमो. बाइंडरचा असा मान दुसऱ्या कुणी ठेवल्याचं आठवत नाही.

याच पुस्तकावरून आम्ही एक धडाही घेतला. १८५१ मध्ये लंडनला ते तीन खंडांत निघालं तेव्हा उपसंहाराचं पान राहून गेलं. जहाज बुडाल्यावर निवेदक जिवंत कसा राहिला ते त्या पानावर होतं. सगळे बुडाले तर ही हकिगत सांगतंय कोण, असं समीक्षकांनी विचारलं. म्हणून भाग केल्यावर पानं आम्ही दोनदा मोजतो, आणि शेवटची चार तुमच्यासमोर.

कुठली पुस्तकं आणू नका

जुनी, सहीची किंवा वाचनालयाची प्रत आम्ही कापत नाही. शिलाईची, म्हणजे फर्मे (घडी घातलेल्या पानांचे छोटे गठ्ठे) दोऱ्याने शिवलेली पुस्तकं सुखाने सुटतात. फर्म्याच्या घडीत दोरा दिसला की समजा काम सोपं. नुसत्या डिंकावरची असतील तर कण्याकडचा काही मिलिमीटर कागद छाटला जातो, पुन्हा शिवताना थोडी जागा आणखी जाते. आतला समास अंगठा ठेवण्याइतका नसेल तर शब्द शिलाईत जातील. अशा वेळी आम्ही काम घेत नाही, उगीच वाईट वाटून घेऊ नका. कागद पिवळा पडून कोपरा दुमडताच तुटत असेल तर त्याला सुरी लावणं म्हणजे त्याचा शेवटच.

पुस्तक देताना खूणपट्टी काढू नका. जिथे थांबलात तिथून पुढचा पहिला सांधा शोधून आम्ही नवा भाग सुरू करतो, म्हणजे घरी गेल्यावर उघडाल ते पहिलंच पान असेल. मागची मळकी पानं वेगळी बांधून देतो. खूणपट्टी नसेल तर कड पाहून आम्ही काढूच.