फायली पुसल्या, तरी जागा का सुटत नाही?

सेफ (Ceph) क्लस्टर, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून केलेली एकत्र साठवण, वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते याच तक्रारीचे: "आरएम मारून तास झाला, सेफ डीएफचा आकडा हलत नाही." आरएम ही फाइल पुसण्याची कमांड, सेफ डीएफ ही क्लस्टरमधली भरलेली आणि मोकळी जागा दाखवणारी. क्लस्टर ठीक असतो. आरएम फक्त नाव काढतं आणि लगेच प्रॉम्प्ट परत देतं. डेटा पुसण्याचं काम एमडीएस (फायलींची नावं आणि नोंदी सांभाळणारा सर्व्हर) मागाहून, रांग लावून, हळूहळू करतो. मोठ्या फायलींचा 1 टीबी डेटा म्हणजे 4 एमबीचे 2 लाख 62 हजारांवर तुकडे, आणि प्रत्येकाच्या 3 प्रती. ही गती मुद्दाम आवरलेली असते, नाहीतर पुसण्याच्या नादात तुमचं रोजचं काम अडेल. एखाद्या मशिनवर ती फाइल अजून उघडी असेल, तर ती बंद होईपर्यंत जागा अडूनच राहते.

दुसरं कारण स्नॅपशॉट, म्हणजे डिरेक्टरीचं एखाद्या क्षणीचं जपून ठेवलेलं रूप. पुसलेली फाइल जुन्या स्नॅपशॉटमध्ये असेल तर एक बाइटही सुटत नाही. स्नॅपशॉटची डॉट-स्नॅप डिरेक्टरी यादी दाखवणाऱ्या एलएसला 'ए' लावूनही दिसत नाही, तिचं नाव देऊनच आत बघावं लागतं. जागा मोजणाऱ्या डीयूलाही ती दिसत नाही. नको असलेला स्नॅपशॉट डिरेक्टरी काढणाऱ्या आरएमडीआयआरने काढायचा, तोही जिथे घेतला त्याच डिरेक्टरीतून. आतल्या डिरेक्टरीत अंडरस्कोरने सुरू होणारं नाव दिसलं, तर तो स्नॅपशॉट वरच्या पातळीवरचा आहे, तिथून तो निघणार नाही.

आता ज्या चुकीपायी आमच्या रात्री जातात ती. जागा सुटत नाही म्हणून कोणीतरी फुल रेशो, म्हणजे किती टक्के भरल्यावर लिहिणं थांबवायचं ती मर्यादा, वाढवतं.

नेहमीची मांडणी अशी: कोणताही एक ओएसडी (साधारणपणे एक डिस्क आणि ती सांभाळणारा प्रोग्राम) 85 टक्क्यांवर गेला की इशारा येतो, 90 ला त्याच्यावर बॅकफिल (इतर ओएसडींवरून डेटा आणून भरणं) थांबतं, 95 ला लिहिणं बंद होतं. 'एक ओएसडी' हे शब्द महत्त्वाचे. सेफ डीएफमध्ये सगळा क्लस्टर मिळून 75 टक्के दिसेल आणि त्याच वेळी एखादा ओएसडी 94 वर असेल. म्हणून आधी प्रत्येक ओएसडी किती भरला ते दाखवणारं सेफ ओएसडी डीएफ बघा. भरणी असमान असेल तर डेटा सारखा वाटणारा बॅलन्सर चालू आहे का ते तपासा.

95 ची मर्यादा 99 केली की लिहिणं पुन्हा सुरू होतं, सगळे खूश होतात आणि ती मर्यादा तशीच राहते. मग डिस्क काठोकाठ भरते आणि ओएसडी रीस्टार्टला उठतच नाही. उरलेली 5 टक्के जागा वाया गेलेली नाही, अडचणीतून बाहेर पडण्यासाठीच ती राखलेली आहे. आम्हीही वेळप्रसंगी 95 चे 96 करतो, पण काय पुसायचं ते आधी ठरवून, आणि काम झालं की लगेच पूर्ववत.

याच कारणासाठी आम्ही रोजच्या वापरासाठी ॲडमिन की (क्लस्टरचे सगळे अधिकार देणारी किल्ली) देत नाही. यावर नाराजी असते, आम्हाला माहीत आहे. क्लस्टर तुमचाच आहे, ॲडमिन की सीलबंद लिफाफ्यात तुमच्याकडेच असते. पण रोजच्या हाताला सेफ एफएस ऑथोराइझ या कमांडने ठरावीक डिरेक्टरीपुरती बनवलेली की पुरते. तिने क्लस्टरच्या सेटिंगला धक्का लागत नाही.

एक सवय मात्र लावून घ्या. लाखो फायलींच्या डिरेक्टरीवर डीयू चालवू नका, एमडीएसला उगाच दम लागतो. गेटएफअ‍ॅटरने आर-बाइट्स (डिरेक्टरीतल्या एकूण बाइट्सची आधीच ठेवलेली बेरीज) विचारलं की आकडा क्षणात मिळतो, थोडा मागेपुढे असेल इतकंच. प्रत्येक विभागाला कोटा (जागेची मर्यादा) लावला तर कोणी जागा खाल्ली हा वादही मिटतो. वार्षिक देखभाल करार असलेल्यांना कोटा आणि स्नॅपशॉटची आवराआवर आम्हीच करून देतो, आणि 85 चा इशारा तुमच्याआधी आमच्याकडे पोहोचतो. करार नसलेल्यांनी विचारलं तर कसं करायचं ते सांगतोच.

इथे कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करायच्या रूपात त्या सर्व्हरसोबतच्या कागदावर आहेत. फोन करण्याआधी सेफ हेल्थ डिटेल, सेफ डीएफ आणि सेफ ओएसडी डीएफ यांचं आउटपुट मजकूर म्हणून पाठवा. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो नको, त्यात नेमका ओएसडीचा नंबरच कापला गेलेला असतो.