कंचेभागुबेव आणि किराणावाल्याचा कॅल्क्युलेटर

50 रुपयांचा गूळ आणि 40 ला एक असे 3 नारळ, टोटल किती? मोबाईलवर 50 + 3 × 40 टाकलं की 170 येतात. आता हेच दुकानातल्या त्या मोठ्या बटणांच्या साध्या कॅल्क्युलेटरवर दाबा, 2120! बिघडलेला नाहीये तो, त्याला पुढचं दिसतच नाही, 50 + 3 नंतर गुणिले दाबलं की तो लगेच 53 करून मोकळा होतो आणि मग त्यालाच 40 ने गुणतो. मोबाईल थांबतो, आधी गुणाकार उरकतो. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं म्हणून तो 3 × 40 करून एम प्लस (आलेला आकडा मेमरीत मिळवायचं बटण) दाबतो, मग 50 एम प्लस, शेवटी एमआर (मेमरीतली बेरीज दाखवायचं बटण). कंसच की तो, फक्त बटणातला.

शाळेत आपण कंचेभागुबेव घोकलं, म्हणजे आकडेमोडीचा क्रम: कंस, चे ('10 चे अर्धे' मधला गुणाकार), भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पण त्यात एक खड्डा आहे. 10 − 3 + 2 किती? बेरीज आधी म्हणून 3 + 2 = 5 आणि मग 10 − 5 = 5, असं करतात लोक. बरोबर उत्तर 9. वजाचं चिन्ह फक्त त्या 3 चं, 2 चा त्याच्याशी काही संबंध नाही, बेरीज आधी करायचीच असेल तर 10 आणि 2 ची करा. भागाकारात मात्र आपण वाचतो, 24 ÷ 4 × 2 मध्ये भागाकार आधी केला तरी 12 आणि डावीकडून सरळ गेलं तरी 12. अमेरिकेतल्या पोरांच्या पेमडासमध्ये, म्हणजे त्यांच्या कंचेभागुबेवमध्ये, गुणाकार आधी येतो, तिथे आधी 4 × 2 = 8 आणि मग 24 ÷ 8 = 3 करून फसायची सोय आहे.

आणि 2019 मध्ये व्हायरल झालेलं ते 8 ÷ 2(2 + 2) आठवतंय? कोणी 16 म्हणे, कोणी 1. सगळं भांडण 2 आणि कंसाच्या मध्ये चिन्हच नाही यावरून. तिथे साधा गुणाकार धरला तर 16, आणि आपल्या 'चे' सारखं घट्ट चिकटलेलं धरलं तर 'चे' भागाकाराच्या आधी, म्हणून 1. मला विचाराल तर लिहिणाऱ्यानेच माती खाल्ली, 8 ÷ (2 × (2 + 2)) लिहायचं ना सरळ, नाहीतर (8 ÷ 2) × (2 + 2), विषय संपला.

कंस कुठे टाकायचा ते बोलण्यातच असतं बऱ्याचदा. "4 मुलांना प्रत्येकी 2 पेन आणि 1 वही" यातल्या 'प्रत्येकी'नंतर कंस उघडतो, 4 × (2 + 1), एकूण 12 वस्तू. तो विसरून 4 × 2 + 1 लिहिलंत तर 9 च वस्तू येणार आणि एका वहीवर चार पोरं तुटून पडणार.