पार्श्वभूमी : पेटंट-शोध हे वेगळे काम कसे झाले

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औषध आणि रसायन उद्योगात नोकरी धरणारी एम.एस्सी. किंवा बी.फार्म. झालेली मुले आज ‘पेटंट सर्च’, म्हणजे आधीची पेटंटे व संदर्भ धुंडाळण्याचे काम, शिकू पाहतात, त्यामागे कायद्यातील बदल आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने, जो एप्रिल १९७२ मध्ये लागू झाला, औषधाच्या रेणूला पेटंट नाकारले. मिळे ते फक्त बनवण्याच्या पद्धतीला, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षांसाठी. त्यामुळे परदेशी पेटंट वाचायचे ते मुख्यतः तोच रेणू बनवण्याची दुसरी वाट काढण्यासाठी. १ जानेवारी २००५ पासून रेणूलाही संरक्षण मिळू लागले आणि तो पदार्थ कुणाच्या पेटंटमध्ये न अडकता मुळात बनवता येईल का, हे आधी पाहणे भाग पडले.

शोधाची साधने तोवर तयार होती. १९७१ च्या स्ट्रासबर्ग कराराने पेटंटांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण ठरले, १९७२ मध्ये व्हिएन्नात एकाच आविष्काराची देशोदेशीची पेटंटे जोडून दाखवणारा इनपाडॉक हा माहितीसंग्रह सुरू झाला आणि १९९८ मध्ये एस्पेसनेट हे पेटंट शोधण्याचे संकेतस्थळ सर्वांसाठी मोफत खुले झाले.

तरीही साधन असणे वेगळे आणि सापडणे वेगळे, हे हळदीने दाखवून दिले. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेने १९९५ मध्ये दिले. आपल्याकडे बोट कापले की आजी जी पूड दाबते, तीच ही. सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन परिषदेने हा उपयोग नवा नसल्याचे दाखवणारे ३२ संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. यातील काही संदर्भ संस्कृत व उर्दू ग्रंथांतले होते, म्हणजे पेटंटचा अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाच्या नेहमीच्या शोधात ते येणेच कठीण. शिवाय वर्गीकरणात बहुतेक औषधी वनस्पती ‘ए६१के ३५/७८’ या एकाच खणात कोंबलेल्या होत्या. पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभारताना भारताने हा खण फोडण्याचा आग्रह धरला आणि २००६ च्या आवृत्तीत ‘ए६१के ३६’ हा स्वतंत्र गट आला. त्यात हळदीचा संकेतांक ‘३६/९०६६’ आहे.

नवखा माणूस ‘टर्मरिक’ टाइप करून थांबतो. मुरलेला ‘कर्क्युमा’ हे हळदीचे शास्त्रीय नाव आणि ‘कर्क्युमिन’ हे तिच्यातील घटकाचे नाव जोडतो, वर संकेतांक लावतो. पेटंटचे अर्ज मात्र साधारणपणे १८ महिने प्रसिद्धच होत नाहीत, म्हणून तो अहवालावर शोधाची तारीख नोंदवतो आणि काही महिन्यांनी तोच शोध पुन्हा चालवतो.