जखम डोक्याला की मनाला? माजी सैनिकांच्या ध्यानोपचारामागचा इतिहास

फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी तीन सैनिकांची हकिकत छापली. तिघांच्याही जवळ तोफगोळे फुटले होते. अंगावर जीव धोक्यात यावा अशी जखम नव्हती, पण स्मरणशक्ती, दृष्टी, वास आणि चव यांवर परिणाम झाला होता. चमत्कारिक गोष्ट म्हणजे एवढ्या आवाजानंतरही ऐकायला जवळपास नीट येत होतं. मायर्स यांनी या अवस्थेसाठी ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. तिथून एक प्रश्न सुरू झाला, तो आजही पुरता मिटलेला नाही. धक्का नेमका बसला कशाला, मेंदूला की मनाला?

हा प्रश्न पुस्तकी नव्हता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यानं अशा रुग्णांच्या कागदांवर ‘डब्ल्यू’ किंवा ‘एस’ अशी खूण करायला सुरुवात केली. शत्रूच्या गोळ्यामुळे झालं असेल तर ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी. त्याला बाहीवर जखमेची पट्टी आणि निवृत्तिवेतनावर हक्क. तसं नसेल तर ‘एस’, म्हणजे नुसता आजारी. एका अक्षरावर माणसाची इज्जत ठरत होती. १९१७ मध्ये तर ‘शेल शॉक’ हे निदान आघाडीवर परस्पर लिहायलाच मनाई झाली. त्याच युद्धात पळपुटेपणा, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश सैन्यानं आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. तेही महायुद्धाचेच बळी होते, हे मान्य करून त्यांना माफी मिळायला २००६ साल उजाडलं. हा आकडा वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

फ्रेडरिक मॉट यांनी स्फोटानंतर दगावलेल्या सैनिकांचे मेंदू तपासून त्यांत सूक्ष्म रक्तस्राव दाखवले. पण स्फोटाच्या जवळपासही न गेलेल्या सैनिकांतही तीच लक्षणं दिसू लागली, तेव्हा पारडं मनाच्या बाजूला झुकलं. एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे अधिकाऱ्यांवर उपचार करत होते. त्या काळी सर्रास सल्ला दिला जाई, की विसरून जा, दुसरं काहीतरी बघ. रिव्हर्स यांनी उलट निरीक्षण मांडलं. आठवणी दाबल्या की रात्री त्या दुप्पट जोरानं परत येतात. मात्र दिवसरात्र त्याच उगाळत बसणंही त्यांना मान्य नव्हतं. आठवणीकडे बघायचं, पण तिच्यात बुडायचं नाही, असा तो मधला मार्ग. ध्यानाचा त्यात संबंध नव्हता. तरी पुढं जे आलं त्याचं बीज मला तिथं दिसतं.

पुढची काही दशकं ही जखम नावं बदलत राहिली. दुसऱ्या महायुद्धात ती ‘युद्धाचा थकवा’ झाली. १९५२ च्या अमेरिकन निदानसंहितेत, म्हणजे मनोविकारांच्या अधिकृत यादीत, तिला जागा मिळाली आणि व्हिएतनाम युद्ध पेटलेलं असताना, १९६८ च्या आवृत्तीतून ती नाहीशी झाली. परतलेल्या सैनिकांनी मग स्वतःच गट करून बोलायला सुरुवात केली. रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शाटान हे मनोविकारतज्ज्ञ न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यासोबत बसले. त्या रेट्यामुळे १९८० मध्ये ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, म्हणजे पीटीएसडी, आघातानंतर मागे उरणाऱ्या ताणाचा विकार, हे अधिकृत निदान म्हणून नोंदवलं गेलं. पण हे नाव मनाच्या खात्यात जमा झालं. डोक्याला बसलेला हादरा बाजूलाच राहिला.

ध्यानाची वाट वेगळीच आहे. पालीतला मूळ शब्द ‘सति’, म्हणजे संस्कृतातली ‘स्मृति’. ज्याला आठवणी छळतात त्याच्यावरच्या उपचाराचं नाव मुळात ‘स्मृती’ असावं, हे मराठी वाचकाला लगेच टोचेल. पण बौद्ध परंपरेत सति म्हणजे गेलेल्या दिवसांची याद एवढंच नाही. आत्ता काय चाललं आहे याचं भान न सुटणं, हा तिचा गाभा. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये त्यासाठी ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी शब्द निवडला. ब्रह्मदेशात लेडी सयाडो आणि पुढं महासी सयाडो या भिक्षूंनी विहारापुरती असलेली ही साधना गृहस्थांसाठी खुली केली. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वूस्टर इथल्या वैद्यकीय केंद्रात तिच्यावर आधारलेला वर्ग सुरू केला. आठ आठवडे, आठवड्याला अडीच तासांची बैठक, एक पूर्ण दिवस मौनात आणि घरी रोज सुमारे पाऊण तास सराव, असा आराखडा पुढं रूढ झाला. पहिले विद्यार्थी सैनिक नव्हते. औषधांनी न हटणाऱ्या जुनाट दुखण्यांचे ते रुग्ण होते. दुखणं जात नसेल तर त्याच्याशी असलेलं नातं बदलता येतं का, हा तिथला प्रश्न होता.

सैनिकांपर्यंत ध्यान पोचायला तेव्हाच सुरुवात झाली होती. १९८५ मध्ये डेन्व्हरच्या माजी सैनिक केंद्रात व्हिएतनामहून परतलेल्यांवर भावातीत ध्यानाचा, म्हणजे मनात मंत्र जपण्याच्या वेगळ्या पद्धतीचा, एक छोटा तुलनात्मक अभ्यास छापून आला. पण मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट प्रयोगशाळेबाहेर घडली. युद्धाला विरोध केला म्हणून १९६६ पासून मायदेशाला मुकलेले व्हिएतनामी भिक्षू थिक न्यात हान्ह यांनी १९९० च्या आसपास अमेरिकन माजी सैनिकांसाठी शिबिरं घेतली. ज्यांच्या गावांवर बॉम्ब पडले त्यांच्यातल्याच एकानं त्या सैनिकांना श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं. संशोधनाच्या कोष्टकांत हे कुठं बसत नाही, पण या इतिहासातून ते वगळणं मला जमणार नाही.

मग अफगाणिस्तान आणि इराक. रस्त्याकडेला पुरलेले सुरुंग हे त्या युद्धांचं मुख्य हत्यार. चिलखत आणि तत्पर उपचारांमुळे पूर्वी दगावले असते असे सैनिक वाचले, आणि स्फोटाचा हादरा डोक्यात घेऊन घरी आले. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेनं २००८ मध्ये अंदाज दिला: तोवर पाठवलेल्या १६ लाखांहून अधिक सैनिकांपैकी सुमारे ३ लाखांना पीटीएसडी किंवा नैराश्य आणि सुमारे ३ लाख २० हजारांना मेंदूच्या इजेची शक्यता. यातल्या बहुतेक इजा ‘सौम्य’ होत्या. वैद्यकात सौम्य म्हणजे बेशुद्धी अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही आणि स्मृतीतला गोंधळ एका दिवसाच्या आत ओसरलेला. हे विशेषण पहिल्या काही तासांचं वर्णन करतं, त्यानंतरच्या वर्षांचं नाही. ज्याला भाजी आणायला निघाल्यावर रस्ता आठवत नाही, त्याला ‘सौम्य’ म्हणून सांगणं निष्ठुर वाटतं.

त्याच वर्षी अमेरिकन लष्करातले मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स होग आणि सहकाऱ्यांनी इराकहून परतलेल्या २,५२५ सैनिकांची पाहणी प्रसिद्ध केली. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्यांपैकी जवळजवळ ४४ टक्क्यांना पीटीएसडीची लक्षणं होती. कुठलीच इजा न झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. दोन्ही दुखणी एकमेकांत अशी गुंतलेली. झोप उडणं, चिडचिड, विसराळूपणा, मन एकाग्र न होणं, यातलं काय कशामुळे ते वेगळं काढणं अवघड. पीटीएसडी आणि नैराश्य हिशेबात धरल्यावर डोकेदुखी सोडून बहुतेक शारीरिक तक्रारींचा इजेशी थेट संबंध उरत नाही, असं होग यांना आढळलं. पारडं पुन्हा मनाकडे गेलं. पण २०१६ मध्ये डॅनियल पर्ल यांच्या गटाला स्फोट झेललेल्या मृत सैनिकांच्या मेंदूत खास ठिकाणी व्रण सापडले. शंभर वर्षांपूर्वी मॉट जिथं शोधत होते तिथंच नजर पुन्हा वळली.

माझ्या मते या वादात ध्यानाला जागा मिळाली ती याचमुळे, की उत्तर ठरायची वाट बघावी लागत नाही. पीटीएसडीत लक्ष धोक्याकडे ओढलं जातं. दार आपटलं की शरीर युद्धभूमीवर पोचतं. मेंदूच्या इजेत लक्ष टिकवण्याची ताकदच कमी पडते आणि माणूस लवकर थकतो. सरावात मागणी एकच असते: मन भरकटलं हे लक्षात घ्या आणि स्वतःला न रागावता परत या. पुन्हा भरकटेल, पुन्हा या. दोन्ही दुखण्यांत कमकुवत झालेला स्नायू तोच आहे, असं मानून ही कसरत दिली जाते.

पुरावा किती? अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या माजी सैनिक रुग्णालयातली २०१५ ची चाचणी सगळ्यात जास्त चर्चिली जाते. ११६ जणांपैकी अर्ध्यांना सजगतेचा, म्हणजे कबात-झिन यांच्या पद्धतीचा, वर्ग, अर्ध्यांना सध्याच्या अडचणींवर बोलण्याचा गट. दोन महिन्यांनी सजगतेच्या गटात ४९ टक्क्यांना लक्षणांत ठळक आराम होता, दुसऱ्या गटात २८ टक्क्यांना. पण पीटीएसडीचं निदानच पुसलं गेलेल्यांच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता. सौम्य मेंदू-इजेवर २०१३ मध्ये २२ जणांचा दहा आठवड्यांचा अभ्यास झाला. दोन्ही दुखणी एकत्र असलेल्या माजी सैनिकांवरचा २०१५ चा प्राथमिक अभ्यास तर अगदी मोजक्यांचा. लक्ष आणि ताण, दोन्हींत सुधारणा दिसली. पण एवढ्या लहान गटावर मोठा दावा उभा करणं सैनिकांशीच अन्याय होईल.

वर्गाची ठेवणही बदलावी लागते. डोळे मिटून बसणं काहींना अंधारात अडकल्यासारखं होतं, म्हणून डोळे उघडे ठेवून, पाठ भिंतीला लावून बसता येतं. श्वासाकडे बघताना छाती धडधडू लागली तर लक्ष तळपायांवर आणायचं. पाऊण तासाऐवजी दहा मिनिटं आणि सूचना कागदावर लिहून, कारण ऐकलेलं निसटतं. कुणाची लक्षणं वाढली तर सराव थांबवून उपचारकाशी बोलणं, हा सरावाचाच भाग आहे.

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या आणि संरक्षण खात्याच्या २०१७ च्या संयुक्त मार्गदर्शिकेत पीटीएसडीसाठी ध्यानाबद्दल पुरावा अपुरा म्हटलं होतं. २०२३ च्या आवृत्तीत कबात-झिन यांच्या वर्गाला शिफारस मिळाली, तीही कमजोर या वर्गातली. आघाताच्या आठवणींवर थेट काम करणारे मानसोपचार तिथं अजून वरच्या पायरीवर आहेत, आणि असायला हवेत. पण ते उपचार अनेक जण अर्ध्यावर सोडतात. अशा माणसासाठी हा दुसरा दरवाजा आहे. या खोलीत त्याला कुणी ‘तिथं काय झालं ते सांग’ म्हणत नाही.