कारागीर धर्मादाय संस्था (पुणे)

हातकसबावर जगणाऱ्या कुटुंबांना आजारपणात मदत, मुलांच्या शिक्षणास साहाय्य व देऊळ-कार्यालयासारख्या सामाईक वास्तूची देखभाल यांसाठी कारागिरांनी उभारलेली नोंदणीकृत संस्था.

उगम : या संस्था प्राचीन श्रेणींपासून (कारागिरांच्या संघांपासून) आल्या, असे पुष्कळदा लिहिले जाते. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत (इ. स. सु. पहिले ते तिसरे शतक) वेळूकाम करणारे व कासाकार (काशाचे काम करणारे) यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख येतो. नाशिकच्या लेण्यातील लेखानुसार क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे 2,000 व 1,000 कार्षापण (तत्कालीन नाणी) ठेवले. व्याज दरमहा शेकडा अनुक्रमे 1 व पाऊण. पहिल्या ठेवीच्या वार्षिक 240 कार्षापणांतून 20 भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी 12 मिळत. मुद्दल मोडायचे नव्हते. मात्र येथे श्रेणी पैसा सांभाळणारी आहे, मदत घेणारी नव्हे. त्यामुळे हे नाते ओढूनताणून जोडल्यासारखे दिसते. जातपंचायतीचा दंड व वर्गणी हे मूळ अधिक जवळचे वाटते.

गरज : कसबा पेठेतील तांबट (तांब्याची भांडी घडवणारे) परंपरेनुसार पेशवाईत कोकणातून आले. मठारकामात, म्हणजे हातोडीने ठोकून भांड्यावर ठसे उमटवताना, भांडे ऐरणीवर फिरवत ओळीने ठोके द्यावे लागतात. ठोक्यांनी तांबे ताठरते. वेळीच तापवून नरम न केल्यास काठ तडकतो आणि मजुरी बुडते. ऐकू कमी येणे हा तर या धंद्याचा जुनाच रोग. स्टील आल्यावर मागणीही घटली.

नोंदणी : 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यान्वये किमान 7 सभासद लागतात, शिवाय 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. संस्थेच्या घटनेत लाभार्थी ‘ज्ञातिबांधव’ म्हणायचे की ‘तांबे-पितळेचे काम करणारे’, हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. प्राप्तिकर कायद्यान्वये 1 एप्रिल 1962 नंतर एखाद्या विशिष्ट जातीसाठी स्थापन झालेल्या धर्मादाय न्यासाला करसवलत नाकारली जाते. अनुसूचित जाती-जमाती व मागासवर्ग यांना अपवाद आहे. त्यापूर्वीच्या संस्थांना ही अट लागत नाही, म्हणून जुने नोंदणीपत्र जपून ठेवावे लागते.

अडते ते बहुधा चेंज रिपोर्टवर, म्हणजे विश्वस्त बदलल्याच्या अहवालावर. विश्वस्त बदलल्यापासून 90 दिवसांत तो दाखल करायचा असतो. दोन-तीन निवडणुका तशाच गेल्या, की शेड्यूल वनच्या उताऱ्यावर (न्यासाच्या अधिकृत नोंदवहीतील उतारा) दिवंगतांचीच नावे राहतात. बँक नव्या सह्या घेत नाही. पेठेतली जागा विकायची किंवा 3 वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची, तर 1950 च्या कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी, आणि त्या अर्जासोबत पहिल्यांदा मागितला जातो तो हाच उतारा.